भोंग्यातला माणूस

सर्वांत आधी आली ती एक बाई, हातात पितळेची कळशी घेऊन. तिच्यामागून दोघेजण प्लास्टिकचे कॅन घेऊन आले, आणि एकाने तर रंगाचा रिकामा डबाच आणला. वळणावर आडव्या पडलेल्या टँकरच्या पोटातून एक नितळ, जाडसर द्रव सावकाश रस्त्यावर पसरत होता. उन्हात तो इतका तुकतुकीत दिसत होता की दिवाळी तोंडावर आलेल्या कोणत्याही संसारी माणसाने त्याला गोडेतेलच म्हटले असते.

“मागे व्हा! ते तेल नाही!” मी ओरडले.

“मग काय हाय?” कळशीवाल्या बाईने विचारले.

“ॲसिड आहे.”

“कोण म्हणतं?”

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी तेवीस वर्षे गेली होती. ‘कोण म्हणतं’ या प्रश्नाला उत्तर देण्याची मला सवय नव्हती. मी सल्फ्युरिक आम्लाची घनता सांगणार, एवढ्यात अग्निशमन केंद्राचे अधिकारी विश्राम तांडेल पुढे आले. त्यांनी एक गोणपाट लांब बांबूच्या टोकाला अडकवले आणि त्या तुकतुकीत ओघळात बुडवले. बघता बघता गोणपाट तपकिरी झाले, मग काळे ठिक्कर पडले आणि बांबूवरून लोंबत तुटले. बाईने कळशी पोटाशी धरली आणि ती मागे सरली.

“व्याख्यान नंतर, मॅडम,” तांडेल म्हणाले. “आधी दोरी बांधू या.”

आमच्या औद्योगिक वसाहतीची एक सुरक्षा समिती होती. तिच्या बैठका चहा-बिस्किटांसह नियमित होत. रासायनिक अपघात झाल्यास तज्ज्ञ कोण, या प्रश्नावर मात्र तिने कधी विचार केला नव्हता. म्हणून तांडेलांनी स्वतःच कॉलेजात येऊन मला विचारले होते, “मॅडम, फोन केला तर याल का?” त्या दिवशी फोनचीही गरज पडली नाही. वळण कॉलेजच्या फाटकासमोरच होते. मी पोहोचले तेव्हा त्यांची गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चढावर, लांब उभी होती आणि ते दुर्बिणीतून टँकरच्या मागच्या नारिंगी फलकावरचा रसायनाचा क्रमांक वाचत होते.

“अठराशे तीस,” ते म्हणाले. “तुमचंच ना हे?”

“सल्फ्युरिक. आणि हे इतकं दाट दिसतंय म्हणजे जवळपास शुद्ध. तांडेल, यावर पाणी...”

“ठाऊक आहे. माझी पोरं पाईप उलगडतायत ते माणसाला धुवायला. रस्त्यावर थेंब पडणार नाही.”

त्यांच्या माणसांनी शेजारच्या बांधकामावरून कोरडी वाळू आणून गटाराच्या तोंडाशी बांध घातला. गटार खालच्या ओढ्याला मिळत होते आणि ओढ्यावर दोन वाड्यांच्या विहिरी होत्या. दोरी बांधली गेली. गर्दी दोरीच्या अलीकडे आली आणि दोरीवर रेलून उभी राहिली. सगळे कसे पुस्तकात असते तसे चालले होते.

मग टँकरच्या केबिनमधून आवाज आला.

“ओ सायेब... हाय का कुनी?”

तांडेलांनी दुर्बीण खाली केली. काच तडकलेली होती आणि तिच्या मागे काहीतरी हलत होते. आम्ही सगळ्यांनी चालक उडी मारून पळाला असे गृहीत धरले होते, कारण चालक नेहमी पळतात.

त्यांनी गाडीतला भोंगा उचलला. “मी फायर ब्रिगेडचा तांडेल. तुमचं नाव काय?”

“अंबादास. अंबादास खरमाटे. पाटोद्याचा हाय मी, बीडकडला. पाय अडकलाय. खाली लई चरचरतंय सायेब, दाराखाली.”

“अंबादास, दार उघडू नका. पाय खाली सोडू नका. जेवढं वर सरकता येईल तेवढं सरका.”

“सरकाया येईना ना. पायच धरलाय गाडीनं.”

“अंगावर काही उडालंय?”

“प्यांट भिजलीय. एका अंगानं.”

“आलोच,” तांडेल म्हणाले. “आलोच आम्ही. हलू नका.”

भोंगा खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट कळत होती आणि ती उच्चारण्याची गरज नव्हती. आम्ल कापडातून मुरत जाते, घाई करत नाही. त्या माणसाला बाहेर काढून भरपूर पाण्याखाली धरायचे होते, आणि तो बाहेर येईपर्यंत त्याच्या भोवतालच्या तळ्यात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नव्हता.

केंद्राकडे ॲसिडमध्ये जाता येईल असे रबरी पोशाख दोन होते. डोक्यापासून पायापर्यंत सलग, आत हवेची टाकी आणि मुखवटा. तांडेल आणि त्यांचा फायरमन गजा शेलटकर ते घालणार होते. शेलटकर चाळिशीचा, केंद्रातला सर्वांत तयारीचा आणि सर्वांत थट्टेखोर माणूस होता.

“अंतराळात निघालो, मॅडम,” तो म्हणाला. “चंद्रावरून काही आणायचंय?”

पोशाख अंगावर चढवण्यापूर्वी तांडेल एक गोष्ट करत. गाडीच्या आत, अंधारात, पोशाखात पेटता टॉर्च सोडत आणि बाहेरून पाहत. पहिला पोशाख काळाच राहिला. दुसऱ्याच्या छातीवर, गळ्यापासून पोटापर्यंत, प्रकाशाचे बारीक ठिपके उमटले. दोन्ही बाजूंनी वळत आलेली, सुबक, अर्धगोल रांग.



“हे काय आहे?” मी विचारले.

शेलटकरचा चेहरा उतरला होता. “साहेब... खंडेनवमीचा हार.”

“म्हणजे?”

“पूजेला मांडला होता ना पोशाख. हार राहत नव्हता छातीवर, रबरावरून घसरत होता. म्हणून मी...” त्याने बोटांची चिमूट केली. “सेफ्टी पिना मारल्या. साहेब, ध्यानातच नाही आलं.”

फायर ब्रिगेडमध्ये खंडेनवमीला शस्त्रे पुजतात. त्यांची शस्त्रे म्हणजे शिड्या, कुऱ्हाडी, पाईपची तोंडे आणि हे पोशाख. मीही त्या पूजेला हजर होते. ज्या वस्तूवर उद्या आपला जीव अवलंबून असेल तिला कुंकू लावावे यात मला कधी हास्यास्पद वाटले नाही. दोन्ही पोशाख खुर्च्यांत माणसासारखे बसवले होते. एकाच्या गळ्यात झेंडूचा भरगच्च हार होता आणि सगळे म्हणाले होते, किती शोभतोय.

“मीच नारळ फोडला त्याच्यापुढं,” तांडेल म्हणाले. “मीही पाहिला हार.”

“चिकटपट्टी लावून?” मी विचारले.

“मॅडम, त्याला ओढून काढायचा म्हणजे छातीशी धरावा लागणार. भिजलेल्या कपड्यांसकट. भोकं बरोबर तिथंच आहेत.”

“साहेब, मी एकटा जातो,” शेलटकर म्हणाला. “चांगला पोशाख मला द्या.”

“पाय अडकलाय त्याचा. एक जण पत्रा फाकवणार, दुसरा ओढणार. आणि तू आत पडलास तर तुला कोण आणेल? मी? शर्टावर?”

“चूक माझी आहे.”

“म्हणूनच जायचं नाही. चूक झालेला माणूस घाई करतो.”

त्यांनी वायरलेसवरून वसाहतीच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्याला त्यांचे पोशाख घेऊन यायला सांगितले. जीप लगेच निघाली, पण खोळंबलेल्या वाहनांच्या रांगेत अडकली. तांडेल पुन्हा दोरीपाशी गेले आणि भोंगा तोंडाला लावला.

मी त्यानंतर विद्वानांची पुष्कळ संभाषणे ऐकली. परिसंवादाचे अध्यक्षपद भूषवताना कित्येकदा झोपही आवरली. त्या भोंग्यातून चाललेल्या संभाषणाइतके लक्षपूर्वक मी काही ऐकलेले नाही.

“अंबादास, घरी कोण कोण?”

“आई हाय. बायकू. दोन पोरी.”

“नावं काय पोरींची?”

“थोरली कावेरी. धाकटीचं ठेवलं न्हाई अजून. दिवाळीला जायचं व्हतं, तवा ठेवू म्हणलं.”

“काय ठेवणार?”

“तुम्ही येताव का न्हाई ते सांगा आधी.”

“आलोच. जीप निघालीय. डोळे मिटून घ्या आणि तोंड त्या बाजूला फिरवा.”

“भाजतंय ओ.”

“ठाऊक आहे. आलोच.”

तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली आणि दोरी आपोआप वर उचलली गेली. नानाशेठ खातू आले होते. ते जिल्हा परिषदेचे सदस्य होते. उन्हाळ्यात तहानलेल्या गावांना पाणी पुरवणारे टँकर त्यांचे, आणि गावे तहानलेली राहतील याची व्यवस्थाही, असे म्हणत, त्यांच्याच हातात होती.

“काय तांडेल, माणूस मरतोय आणि तुम्ही गप्पा मारताय?”

“शेठ, दोरीमागे व्हा.”

“चार लाल गाड्या, वीस माणसं, आणि एकाच्यात हिंमत नाही आत जायची? पगार कसला घेता?”

गर्दी हसली. मग हसणे थांबले, कारण आतून अंबादास ओरडला. या वेळी शब्द नव्हते.

“ऐकू येतंय का?” नानाशेठ म्हणाले. आणि हे मला नमूद केलेच पाहिजे, नाहीतर ही गोष्ट फार सोयीची होईल: त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. “अरे, भाजलेल्या माणसावर पाणी ओतायचं हे कुत्र्याला कळतं. माझा टँकर मागंच उभा आहे. बबन, घे रे पुढं!”

“पाणी नाही मारायचं,” तांडेल म्हणाले.

“का?”

मी पुढे झाले. “नानासाहेब, या ॲसिडवर थोडं पाणी पडलं तर ते पाणी त्याच क्षणी उकळतं. उकळून ॲसिडसकट उडतं. वर त्या माणसाचं तोंड आहे.”

“बाई, तुम्ही कोण?”

“मी रसायनशास्त्राची...”

“मग शाळेत शिकवा. इथं माणूस जळतोय.”

बबनने टँकर आणला. तांडेल त्याच्यापुढे हात पसरून उभे राहिले. हा देखावा नंतर वर्तमानपत्रात छापून आला: मदतीच्या टँकरपुढे आडवा उभा असलेला अधिकारी. गर्दीतून दगड आला. तो त्यांच्या शिरस्त्राणावर आपटला. दुसरा शेलटकरच्या खांद्यावर. फायरमनांनी साखळी केली, पण ते मूठभर होते आणि समोर सबंध तालुक्याची करुणा उसळली होती. कोणीतरी रस्त्याच्या वरच्या अंगाने, बांधावरून, पाण्याचा पाईप पुढे नेला.

“अंबादास, डोळे मीट!” तांडेल भोंग्यात ओरडले. “तोंड झाक! पाणी येतंय, तोंड झाक!”

पाणी हा शब्द त्याने ऐकला असावा. तांडेलांची दुर्बीण आता माझ्याकडे होती. तिच्यातून मला दिसले: तो पाण्याकडे वळला. कोणीही वळला असता.

धार केबिनच्या खाली, तळ्यावर पडली. कढईत पाणी पडावे तसा आवाज झाला, पण ती कढई रस्त्याएवढी होती. पांढरा लोट उठला, तडतड उडाली, वाळूचा बांध एका ठिकाणी फुटला आणि गर्दी किंचाळत उतारावर पळाली. नानाशेठांचा माणूस पाईप टाकून सर्वांच्या पुढे होता.

लोट अजून विरला नव्हता तेव्हा चढावरून जीपचा हॉर्न ऐकू आला. कारखान्याचे पोशाख आले होते.

पुढचे मी यंत्रवत पाहिले. तांडेल आणि शेलटकर पोशाख चढवून, मुखवट्याच्या काचेआड, दोन निनावी आकृत्या होऊन कोरड्या वाळूच्या वाटेने आत गेले. आणखी दोघे तयार होऊन मागे थांबले. पत्रा फाकला. एका आकृतीने अंबादासला छातीशी धरले आणि दोघांनी त्याला वाहून आणले. मग पाईप सुटले, आणि अग्निशमनाच्या गाडीतले सगळे पाणी, धो धो, न थांबता, त्याच्या अंगावर, तोंडावर, मिटलेल्या पापण्यांवर पडत राहिले. कपडे कापून काढले. रुग्णवाहिका कितीदा निघायला झाली. तांडेल प्रत्येक वेळी बोटाने खूण करत होते: अजून, अजून. मुखवट्यामुळे त्यांचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता.

अंबादास जगला. पाय वाचला, थोडा आखडला. डोळे गेले.

चौकशी झाली. मी साक्ष दिली. पाणी पडण्यापूर्वी त्या माणसाचे डोळे शाबूत होते, हे मी तीन निरनिराळ्या वाक्यांत सांगितले. अहवालात ते असे उतरले: ‘तज्ज्ञांच्या मते पाण्याचा परिणाम संमिश्र स्वरूपाचा होता.’ मी आयुष्यात पुष्कळ वाङ्मय वाचले, परंतु ‘संमिश्र’ या शब्दाचा इतका निर्दय उपयोग कुठे पाहिला नाही.

तांडेलांना विचारण्यात आले, “विलंब का?”

“एक पोशाख नादुरुस्त होता.”

“कशामुळे?”

“वापरून.”

बाहेर मी त्यांना अडवले. “पिनांचं का नाही सांगितलंत?”

“सांगितलं तर शेलटकर घरी बसेल. आणि उद्या पेपरात येईल, हारामुळे माणूस आंधळा झाला. गावोगावची पोरं पूजा करणं सोडतील, पोशाख तपासायला काही लागणार नाहीत.” मग म्हणाले, “आणि तपासायचं काम माझं होतं. खंडेनवमीच्या संध्याकाळीच टॉर्च सोडायला हवा होता मी. त्या दिवशी पेढे वाटत होतो.”

त्यांना समज देण्यात आली आणि त्यांची बदली ठरली. नानाशेठांचा सत्कार ठरला.

समारंभ आमच्याच कॉलेजच्या सभागृहात झाला, कारण तालुक्यात दुसरे सभागृह नव्हते. मला पहिल्या रांगेत बसवायचे होते. मी मागे जाऊन बसले. तांडेल साध्या कपड्यांत आले आणि माझ्या शेजारी बसले.

“तुम्ही कशाला आलात?” मी विचारले.

“त्याला बघायला. इस्पितळात दोनदा गेलो, नातेवाइकांनी आत सोडलं नाही.”

अंबादासला बायकोने हाताला धरून व्यासपीठावर आणले. काळा चष्मा, अंगावर नवा कोरा सदरा, गालावर ओघळ उतरल्यासारखे चट्टे. त्याने चाचपडत नानाशेठांच्या खांद्यावर शाल घातली. ती घसरली, नानाशेठांनी स्वतःच ती सावरली. मग त्याच्यापुढे माईक धरला.

“मला बोलाया येत न्हाई,” तो म्हणाला. “पर यक सांगतो. त्या दिशी यक जण भोंग्यातून नुसता बोलत व्हता. आलोच, आलोच. माझ्या पोरींची नावं इचारत बसला. आला न्हाई. मंग नानाशेठ आले. त्यांनी पानी मारलं. त्यांच्या मान्सांनी मला उचललं, छातीला धरलं. त्यांनी धरलं व्हतं ते मला अजून ध्यानात हाय. त्या पान्यानं मी जगलो.”

टाळ्या झाल्या. मी उठले. बोलायला काय लागते? माझ्याजवळ सगळे होते: तापमान, घनता, क्रम, साक्षीदार. माझ्या आयुष्यात मी इतकी थंड आणि इतकी तयार कधीच नव्हते.

तांडेलांनी माझ्या पदराचे टोक धरले. उभ्या आयुष्यात त्यांनी असे काही केले नसेल.

“बसा, मॅडम.”

“खोटं आहे हे.”

“आहे. पण खरं सांगायचं म्हणजे त्याचे डोळे कशानं गेले ते सांगावं लागेल. भर सभेत. शेठना घातलेली ती शाल अजून त्याच्या हाताला लागलीय.”

“आणि तुम्ही?”

“मला दिसतंय ना,” तांडेल म्हणाले.

मी बसले. सत्य बोलण्याची वेळ चुकवली की ते नासते, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले होते. ते नासत नाही, हे मला त्यानंतरच्या वर्षांत कळले. ते तसेच राहते, कोणाच्याही उपयोगाचे न होता.

कार्यक्रम संपला. अंबादास बायकोच्या आधाराने रांगांमधल्या वाटेने दाराकडे निघाला. वाटेत लोक त्याचा हात हातात घेत, नाव सांगत. तो प्रत्येकाला ‘राम राम’ म्हणत पुढे सरकत होता. आमच्या रांगेशी आला तेव्हा तांडेल वाटेतच उभे होते. अंबादासचा पुढे केलेला हात त्यांच्या छातीला लागला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला.

“कोन?” अंबादासने विचारले.

तांडेल बोलले नाहीत.

“बोला की. आता आवाजाबगर मानूस कळत न्हाई मला.”

तांडेलांचे ओठ हलले आणि मिटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले व मान हलवली: नको.

अंबादासने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने चेहरा माझ्या बाजूला वळवला. तिथे कोणीतरी आहे हे त्याला माझ्या श्वासावरून कळले असावे.

“मुका हाय का ओ ह्यो?”

“हो,” मी म्हणाले.